रात्रीच्या सायकलसाठी परवडणारा पुढचा दिवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूजमधून दुसरी पाळी संपवून घरी निघालेला कामगार, रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला मळ्यात जाणारा शेतकरी, लातुरात पहाटेच्या क्लासला निघालेली पोरं आणि हौसेनं लांब पल्ल्याची सायकल चालवणारे. गरजा वेगळ्या, पण दिवा घेताना सगळे अडतात त्याच चार-पाच ठिकाणी. खालच्या उत्तरांचं सूत्र एकच: डब्यावर छापलेला आकडा बाजूला ठेवा आणि रस्त्यावर पडणारा झोत बघून दिवा घ्या. किमती ढोबळ आहेत, दुकानागणिक थोड्या फरकानं मिळतील.

किती उजेडाचा दिवा लागतो?

दिवा तुम्ही इतरांना दिसावं म्हणून हवाय की तुम्हाला रस्ता दिसावा म्हणून, हे आधी ठरवा. संभाजीनगरच्या जालना रोडवर किंवा नांदेड शहरात खांबावरचे दिवे चालू असतात. तिथे ५० ते १०० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप) छोटा दिवा पुरतो, कारण त्याचं काम फक्त तुमची जाणीव करून देणं एवढंच आहे. गावाबाहेरच्या अंधाऱ्या रस्त्याला मात्र खरोखरचे ३०० ते ४०० ल्युमेन हवेत. ‘खरोखरचे’ या शब्दावर जोर आहे. तो का, ते पुढच्या प्रश्नात येईल.

हिशोब असा. ताशी २० किलोमीटरच्या वेगात सायकल सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जाते. खड्डा दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर आठ मीटर गेले. कोरड्या डांबरावर चांगल्या ब्रेकनं थांबायला आणखी चार-पाच. म्हणजे तेरा मीटर. वेग २५ असेल तर हेच सतरा मीटरपर्यंत जातं, आणि खडी पसरलेली असेल किंवा जुन्या काळ्या सायकलीचे रॉडचे ब्रेक असतील तर त्याहून जास्त. म्हणून किमान २० ते २५ मीटरपर्यंतचा रस्ता स्वच्छ दिसलाच पाहिजे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. काळ्या मातीचा गाडरस्ता आणि नवं डांबर उजेड गिळतात. मुरमाच्या रस्त्यावर जो दिवा लख्ख वाटतो, तोच काळ्या रानातून जाताना मिणमिणता वाटतो. पाऊस पडून गेलेल्या डांबरावर तर उजेड तुमच्याकडे परत न येता पुढेच निघून जातो. तुमचा रोजचा रस्ता असा असेल तर ४०० च्या खाली जाऊ नका.

३५० रुपयांच्या दिव्यावर ‘५००० ल्युमेन’ लिहिलंय. खरं असतं का?

नाही. आणि हे तुम्ही दुकानात उभ्या उभ्या पडताळू शकता.

दिव्याची बॅटरी किती एमएएचची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) आहे ते बघा, त्याला ३.७ नं गुणा आणि हजारानं भागा. उत्तर वॉट-तासांत येतं. २००० एमएएचची बॅटरी म्हणजे ७.४ वॉट-तास. स्वस्त दिव्यातला एलईडी आणि त्याचं सर्किट मिळून एका वॉटमागे साधारण १०० ल्युमेन देतात. म्हणजे त्या बॅटरीत एकूण ७४० ‘ल्युमेन-तास’ आहेत: ४०० ल्युमेनवर पावणेदोन-दोन तास, २०० वर साडेतीन. ५००० ल्युमेन द्यायचे तर ५० वॉट लागतील. एवढ्याशा डबीत तेवढी उष्णता मावत नाही, आणि बॅटरी दहा मिनिटंही टिकणार नाही.

‘१००० ल्युमेन, ८ तास’ असं लिहिलेलं दिसलं तर दोन्ही आकडे एकाच वेळी खरे नसतात. ल्युमेन सगळ्यात तेज मोडचे आणि तास सगळ्यात मंद मोडचे, अशी ती जोडी असते. ज्या डब्यावर प्रत्येक मोडचे ल्युमेन आणि तास वेगवेगळे दिलेत, त्या कंपनीवर निदान थोडा विश्वास ठेवायला जागा आहे.

मग लक्स म्हणजे काय? ते बघायचं का?

ल्युमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा उजेड. लक्स म्हणजे एका ठरावीक जागी प्रत्यक्ष पडलेला उजेड. अंतर दुप्पट झालं की लक्स पाव होतात, म्हणून झोत कसा गोळा केलाय याला फार महत्त्व आहे. नुसताच चहूकडे फेकणारा ८०० ल्युमेनचा दिवा झाडांचे शेंडे उजळतो, आणि नीट भिंगाचा ३०० चा दिवा रस्ता उजळतो.

जर्मनीत सायकलच्या दिव्यांना कडक नियम आहेत: १० मीटरवर किमान १० लक्स, आणि झोताची वरची कड कापलेली, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. अशा दिव्यावर नागमोडी रेघ, मग ‘के’ अक्षर आणि आकडा असा शिक्का असतो. झोत फारच छान, समोरून येणाऱ्यासाठीही सभ्य. पण मराठवाड्यात घेताना एक विचार करा. ऊस गाळपाच्या हंगामात ट्रॉलीच्या मागे ऊस छातीच्या उंचीवर बाहेर आलेला असतो, आणि ट्रॉलीला ना दिवा ना रेडियम. बाभळीच्या फांद्याही तोंडाच्या उंचीवर रस्त्यावर झुकलेल्या असतात. वरची कड अगदी धारदार कापलेला झोत नेमका हा भाग अंधारात ठेवतो. म्हणून इथल्या रस्त्यांसाठी रस्त्यावर दाट झोत आणि वरच्या बाजूला हलका, पसरट उजेड असा दिवा आम्ही जास्त पसंत करतो.

किती पैसे घालावेत?

१५० ते ३०० रुपयांत रबरी पट्ट्याचे छोटे दिवे मिळतात. शहरात दिसण्यापुरते ठीक, अंधाऱ्या रस्त्याला नाही.

६०० ते १२०० हा खरा कामाचा टप्पा. यूएसबीवर चार्ज होणारा, अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीचा, २००० एमएएच किंवा जास्त बॅटरीचा, ३००-४०० ल्युमेनचा दिवा यात बसतो. रोज तासाभराचा प्रवास असणाऱ्या बहुतेकांनी इथेच थांबावं. दीड हजाराच्या वर गेल्यावर जास्त टिकणारी बॅटरी, चांगला क्लॅम्प आणि वॉरंटी मिळते. रात्रभर चालवणाऱ्याला ते पैसे वसूल होतात, क्लासला जाणाऱ्या मुलाला नाही.

हातात हजारच रुपये असतील तर सगळे पुढच्या दिव्यावर घालू नका. सातशेचा पुढचा, दोनशेचा मागचा लाल आणि उरलेल्या पैशांत रेडियमची पट्टी.

दुकानात दिवा कसा पारखायचा?

संभाजीनगरची गुलमंडी असो की लातूरची गंजगोलाई, दुकानदाराला दिवा चालू करून दाखवायला सांगा आणि अर्धवट खाली ओढलेल्या शटरवर किंवा मागच्या अंधाऱ्या भिंतीवर झोत टाका. मध्ये एक टोचणारा ठिपका आणि भोवती काळोख असेल तर तो नको. मध्यभाग तेज आणि कडेला सावकाश विरत जाणारा उजेड हवा. झोतात निळसर किंवा पिवळी कडी, काळे डाग दिसले तर भिंग स्वस्त आहे.

मग झोतात हात जोरात हलवा. बोटं तुकड्या-तुकड्यांत दिसली तर दिवा लुकलुकतोय; मोबाइलच्या कॅमेऱ्यात त्याचे पट्टे दिसतात. तेज मोडवर असं व्हायला नको.

बटण दाबून सगळे मोड फिरवून बघा. काही दिव्यांत तेजवरून मंदवर येताना वाटेत झगझगीत स्ट्रोब, म्हणजे भराभर लुकलुकणारा मोड लागतो. रस्त्यात समोर गाडी असताना तो लागला म्हणजे तुम्ही दोघंही आंधळे. मंद, मध्यम, तेज हे एका ओळीत आणि लुकलुकणारा मोड बटण दाबून धरल्यावर, अशी रचना उत्तम.

दोन दिव्यांत निवड होत नसेल तर मोबाइलवर लक्स मोजायचं अ‍ॅप घ्या, दोन्ही दिवे सारख्याच अंतरावरून मोबाइलच्या पुढच्या सेन्सरवर धरा आणि तुलना करा. तो आकडा फक्त तुलनेपुरता, प्रमाण म्हणून धरू नका.

आतली बॅटरी बरी की सेल बदलता येणारा दिवा?

ज्यांच्याकडे वीज बेभरवशाची आहे त्यांच्यासाठी सेल बदलता येणारा दिवा बरा. यात बहुधा १८६५० नावाचा सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. एक दिव्यात, एक खिशात, आणि दोन वर्षांनी सेल मेला तरी दिवा टाकावा लागत नाही.

पण या सेलमध्ये फसवणूक उघडउघड चालते. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजार एमएएचच्या आसपास संपते. ‘९९००’ छापलेला सेल खोटाच. किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर वजन करा: अस्सल सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. तीसच्या आसपास किंवा त्याहून हलका भरला तर आत भलतंच काही आहे. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढून वरून नवी पन्नी चढवलेले सेलही विकले जातात. ते वजनात पकडता येत नाहीत, चालवून बघितल्यावरच कळतात. अजून एक: संरक्षक सर्किट असलेला सेल साध्या सेलपेक्षा तीन-पाच मिलिमीटरनं जास्त लांब असतो, तो काही दिव्यांत बसत नाही. ठोकून बसवू नका.

बाहेर बॅटरीचा पॅक असलेले मोठे दिवे घ्यावेत का?

दोन-तीन डोळ्यांचा दिवा आणि फ्रेमला बांधायची पिशवी, असा हा प्रकार. उजेड चांगला, पॅक बहुतेक वेळा कच्चा. याचा चार्जर ८.४ व्होल्टचा असतो. पिन बसते म्हणून राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर कधीच लावू नका. सेल फुगून पेट घेऊ शकतात. पहिल्यांदा ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, मग पॅक चार्जिंगला लावा.

टाइप-सीचा दिवा मोबाइलच्या चार्जरवर चार्जच होत नाही. बिघडलाय का?

बहुधा नाही. स्वस्त दिव्यांत टाइप-सीच्या सॉकेटमागे लागणारे दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात. त्यामुळे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जर वीज सोडतच नाही. एका टोकाला जुनी चपटी यूएसबी पिन असलेली केबल आणि साधा ५ व्होल्टचा चार्जर लावा. लगेच चार्ज होऊ लागेल.

हाताशी टॉर्च आहे. तीच क्लॅम्पनं हँडलवर लावली तर?

चालतं, आणि शंभर-दीडशे रुपयांच्या क्लॅम्पमध्ये काम भागतं. झूमची टॉर्च असेल तर झोत पूर्ण गोळा करू नका, निम्म्याहून जास्त पसरलेला ठेवा. टॉर्चचा झोत गोल असतो, अर्धा वर आकाशात जातो, म्हणून ती थोडी जास्तच खाली झुकवावी लागते.

तीन छोटे सेल बसवायच्या डबीवाल्या टॉर्चचं एक ठरलेलं दुखणं आहे: खड्ड्यात आदळली की क्षणभर विझते, किंवा मोडच बदलतो. धक्क्यानं स्प्रिंग दबते आणि संपर्क तुटतो, आणि सर्किटला वाटतं बटण दाबलं. स्प्रिंग हलक्या हातानं ओढून लांब करा, डबी आत खुळखुळत असेल तर तिच्याभोवती कागदाचा एक वेढा द्या, मागच्या टोपीचा आटा आणि संपर्काची जागा कोरड्या फडक्यानं पुसा. तरीही विझत असेल तर ती टॉर्च सायकलसाठी नाही.

डोक्याला लावायची बॅटरी, म्हणजे हेडटॉर्च?

शेतात वाकून काम करायला उत्तम. सायकलवर एकटीनं भागत नाही. उजेड डोळ्यांच्या अगदी जवळून निघाला की खड्ड्याची सावली खड्ड्याच्या मागेच लपते आणि रस्ता सपाट दिसतो. हँडलवरचा दिवा डोळ्यांच्या खाली असतो, त्यामुळे खड्ड्याची कड आणि सावली वेगवेगळी दिसते. शिवाय समोरून कुणी आलं की आपण त्याच्याकडेच बघतो आणि सगळा झोत त्याच्या तोंडावर जातो.

दिवा हँडलवर घट्ट का बसत नाही?

हँडलची जाडी सगळीकडे सारखी नसते. जुन्या काळ्या सायकलीचं हँडल २२.२ मिलिमीटर, गिअरच्या सायकलींचं मधला भाग २५.४ किंवा ३१.८. क्लॅम्प कोणत्या मापाला चालतो ते बघून घ्या. किंचित सैल असेल तर पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचा तुकडा घ्या, दोन बोटं रुंद पट्टी कापा, हँडलवर एक वेढा द्या आणि त्यावर क्लॅम्प कसा. कागद किंवा कापड घालू नका, ते ओलं झालं की घसरतं.

बसवल्यावर पुढचं चाक चार-पाच इंच उचलून दोनदा आपटा. दिवा जागचा हलला नाही तर ठीक. पुढे बास्केट किंवा पिशवी असेल तर झोत अडतो; अशा वेळी दिवा खाली, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या डोक्यापाशी लावा. प्लास्टिकचा क्लॅम्प आपल्या उन्हात वर्षा-दोन वर्षांत ठिसूळ होतो आणि नेमका स्पीडब्रेकरवर तुटतो, म्हणून दिव्याला एक नाडी बांधून ती हँडलला अडकवा.

झोत कुठे पाडायचा?

ही पाच मिनिटांची मेहनत आहे आणि महागड्या दिव्यापेक्षा तिचा फायदा जास्त.

अंधार पडल्यावर सपाट जागी सायकल भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. कुणाला तरी सीटवर बसवा, कारण माणूस बसल्यावर सायकल थोडी दबते. दिव्याची जमिनीपासूनची उंची मोजा, साधारण ९० सेंटिमीटर भरेल. भिंतीवर त्याच उंचीला खडूनं रेघ मारा आणि तिच्या २५ सेंटिमीटर खाली दुसरी. गोल झोताच्या दिव्याचा सगळ्यात तेज मध्यभाग खालच्या रेघेवर आणा. म्हणजे तो रस्त्यावर १८ मीटरच्या आसपास पडतो. वरची कड कापलेला दिवा असेल तर ती कड वरच्या रेघेच्या ९-१० सेंटिमीटर खाली ठेवा. मग हँडलवर क्लॅम्पच्या कडेला नेलपॉलिशची खूण करा. दिवा चार्जिंगला काढून परत लावताना पुन्हा मोजावं लागत नाही.

मग मित्राला समोरून चालत यायला सांगा. त्याचे डोळे दिपत असतील तर अजून खाली. समोरचा मोटरसायकलवाला दिपला तर तो तुमच्याच अंगावर येईल.

समोरून ट्रॅक्टर किंवा ट्रक अप्पर मारत आला तर?

वेग आधीच कमी करा, नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा, त्याच्या दिव्यात बघू नका. तो पार झाल्यावर दोन-चार सेकंद काहीच दिसत नाही, आणि खड्डा किंवा बिनदिव्याची बैलगाडी त्याच काळोखात असते. तेव्हा वेग वाढवायची घाई नको. चिडून आपला दिवा वर करणारे असतात. त्यानं ड्रायव्हरला तुमचा अंदाज येईनासा होतो, बाकी काही नाही.

लुकलुकणारा मोड चांगला ना? बॅटरीही वाचते.

संधिप्रकाशात, शहरात, हो. अंधाऱ्या रस्त्यावर एकटाच दिवा लुकलुकता ठेवू नका. तुम्हाला रस्ता तुकड्या-तुकड्यांत दिसतो आणि समोरच्याला तुम्ही किती दूर आहात याचा अंदाज येत नाही. बॅटरी वाचवायची तर मध्यम मोडवर स्थिर ठेवा.

धुळीत, धुक्यात पिवळा दिवा बरा म्हणतात. खरं?

नुसत्या रंगानं धूळ किंवा धुकं भेदलं जात नाही. डोळ्यांपुढे पांढरा पडदा उभा राहतो तो वर जाणाऱ्या उजेडामुळे. झोत खाली घ्या आणि तेजवरून मध्यमवर या, लगेच फरक पडेल. पिवळसर उजेड डोळ्यांना कमी टोचतो आणि माती, खडी, शेण यांतला फरक बरा दाखवतो, म्हणून मिळाला तर जरूर घ्या.

पावसात चालेल का?

डब्यावर आयपीएक्स-४ (दिवा पाण्याला किती टिकतो त्याची खूण) असेल तर पावसाच्या शिंतोड्यांना चालतो, आयपीएक्स-६ असेल तर जोरदार पाण्यालाही. दिवे मरतात ते बहुधा चार्जिंगच्या भोकातून. तिथलं रबरी बूच धूळ बसून नीट लागत नाही. आठवड्यातून एकदा ते पुसा, आणि दिवा शक्यतो भोक खाली येईल असा लावा. भिजलेला दिवा पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. पिना हिरव्या पडून गळतात.

उन्हाळ्यात बॅटरी लवकर का मरते?

परभणी-नांदेडच्या ४२-४४ अंशांत सायकल दिवसभर उन्हात उभी राहिली की काळ्या दिव्याच्या आतलं तापमान त्याहून बरंच वर जातं, आणि लिथियम सेलला उष्णता सगळ्यात जास्त मारते. दिवा काढून पिशवीत ठेवा. तापलेला असताना चार्जिंग नको. महिनोन् महिने वापरायचा नसेल तर निम्मा चार्ज करून सावलीत ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. बॉडी फुगलेली किंवा शिवणीत उकललेली दिसली तर वापर तिथेच बंद.

थांबलेल्या सायकलवर तेज मोड लावून ठेवू नका. हे दिवे समोरच्या वाऱ्यानं थंड होतात. चांगला दिवा तापला की आपोआप मंद होतो, तो बिघाड नव्हे. वाईट दिवा मंद होत नाही आणि जळतो.

जुना डायनामो ठेवावा की काढून टाकावा?

नीट चालत असेल तर ठेवा. टायरला घासणारा बाटली डायनामो ६ व्होल्ट, ३ वॉटचा असतो: २.४ वॉट पुढे, ०.६ मागे. मागचा बल्ब गेला की ती वीज पुढच्यावर येते आणि वेगात तोही जातो, म्हणून मागचा लगेच बदला. एलईडी लावायचा असेल तर थेट जोडू नका. डायनामोची वीज एसी असते, मध्ये एसीची डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर आणि ती सपाट करणारा कपॅसिटर लागतो. चिखलात चाकी घसरते आणि थांबलात की अंधार. त्यामुळे जोडीला मागे एक सेलवर चालणारा लाल दिवा हवाच.

नवा दिवा खरंच किती वेळ चालतो, हे घरी कसं मोजायचं?

पूर्ण चार्ज करा, टेबल फॅनसमोर ठेवा, रोजच्या मोडवर लावा, वेळ लिहा. दर अर्ध्या तासानं त्याच भिंतीचा त्याच सेटिंगनं मोबाइलवर फोटो काढा. काही दिवे तासभरात निम्म्यावर येतात आणि मग चार तास मिणमिणत राहतात. तुमचा वेळ म्हणजे उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा वेळ. तो रोजच्या प्रवासाच्या दीडपट तरी हवा, कारण वर्षभरात बॅटरी थोडी उतरतेच. कमी भरला तर परत करायच्या मुदतीतच परत करा. बिल जपून ठेवा.

आणि वाटेतच दिवा विझला तर?

रस्त्याच्या डाव्या कडेला उतरा, मागचा लाल दिवा चालूच ठेवा. मोबाइलची टॉर्च चालण्यापुरती पुरते, चालवण्यापुरती नाही, आणि एका हातात मोबाइल धरून सायकल तर मुळीच नाही. ज्यांचा अंधाऱ्या रस्त्याचा टप्पा पाच किलोमीटरहून मोठा आहे त्यांनी दोनशे रुपयांचा छोटा दिवा पिशवीत ठेवावा आणि महिन्यातून एकदा तो चार्ज करावा. पायडलच्या कडांना आणि मागच्या मडगार्डला रेडियम लावलेलं असेल, तर ढकलत नेतानाही मागच्या गाडीला तुम्ही दुरून दिसता.